मुलांच्या खोलीतील दूरचित्रवाणी संच

दूरचित्रवाणीचे संच लाकडी पेटीत येत असत, तो काळ आमच्या व्यवसायातील जुन्या मंडळींस आठवत असेल. त्या पेटीस सरकत्या फळ्यांचे दार असे व दारास कुलूप असे. बातम्या संपल्या की घरातील वडीलधारे फळ्या ओढून घेत आणि किल्ली कनवटीस लावीत. १९८२ साली आपल्या देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, पुढे संच बारीक होत गेले, पेटी गेली आणि तिच्याबरोबर ते कुलूपही गेले. आज बेळगावातील आमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक पुष्कळदा बैठकीच्या खोलीसाठी नव्हे, तर मुलांच्या खोलीसाठी दुसरा संच मागते, आणि वर सांगते, "शेठ, स्वस्तातला दाखवा, पोरांसाठीच पाहिजे."

हे 'स्वस्त' म्हणजे काय, हे आम्हांस एका शिक्षकांनी शिकविले. त्यांनी आमच्याकडून मुलांसाठी बत्तीस इंची स्मार्ट संच नेला होता. किमतीत तो सर्वांत उतरता. खोक्यावर चित्रपटांच्या व खेळांच्या सर्व अ‍ॅपची चित्रे छापलेली. तीन वर्षे पुरी होण्याआधीच एकेक अ‍ॅप उघडेनासे झाले. संचाची स्मृती अवघी एक जीबी. कंपनीने नव्या आवृत्त्या पाठविणे केव्हाच थांबविलेले. पडदा उत्तम, आवाज उत्तम, आणि तरी मुलांच्या दृष्टीने संच मेलेला. मास्तर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "आम्हांला यातले कळत नाही म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो." त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांनी पुढे निराळी स्ट्रीमिंग स्टिक घेतली व तोच संच आजही चालतो आहे. तेव्हापासून अशा गिऱ्हाइकास आम्ही सांगतो की, पैसे पडद्यात घाला. संचाच्या पोटातील संगणकात घालू नका. पडदा आठ-दहा वर्षे टिकतो, संगणक लवकर म्हातारा होतो. साधा संच घेऊन त्यास स्टिक जोडली, तर दहा वर्षांत बदलावी लागलीच तर ती स्टिक बदलावी लागते.

आकाराविषयी गिऱ्हाइकांचा फार गैरसमज असतो. इंच मोजतात ते पडद्याच्या तिरक्या कर्णावर. त्यामुळे चोवीस आणि बत्तीस यांतील फरक आठ इंचांचा वाटला, तरी क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे अधिक होते. बत्तिसावरून त्रेचाळिसावर गेले की पुन्हा तेवढेच वाढते. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग मांडल्यावर मुलाच्या डोळ्यांपासून समोरची भिंत सहा-सात फुटांवर येते. तेथे बत्तीस इंच पुरे आहेत. आठ फुटी खोलीत चोवीसही पुरतात. एवढ्या अंतरावरून बत्तीस इंची पडद्यावर एचडी रेडी व फुल एचडी यांतला फरक ओळखणे मोठ्यांनाही कठीण जाते. मग त्यासाठी अधिक पैसे का मोजावेत? त्याऐवजी दुकानात संच बाजूने आणि खालून पाहावा. मुले समोर ताठ बसून पाहत नाहीत, ती लोळून पाहतात. आणि काही पडदे कोपऱ्यातून पाहिले की अगदी फिके पडतात.

येथे आपल्या व्यापारी बंधूंशी थोडे बोलावयाचे आहे. १ जानेवारी २०१९ पासून बत्तीस इंचांपर्यंतच्या संचांवर वस्तू व सेवा कर १८ टक्के होता आणि त्याहून मोठ्यांवर २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही १८ टक्केच झाला. म्हणजे जो संच करासह १२८ रुपयांना पडत असे, तो ११८ ला पडू लागला. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. परंतु लहान संचाच्या बाजूने बोलणारी कराची ती पायरी नाहीशी झाली आणि काउंटरवरील पोरांच्या तोंडी एकच वाक्य बसले : "थोडे घालून त्रेचाळीस घ्या ना साहेब." बैठकीच्या खोलीसाठी हे वाक्य खुशाल बोलावे. मुलांच्या खोलीसाठी बोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मग नफा कमी का सुटेना. चेंडू लागून फुटलेला पडदा कोणत्याही नेहमीच्या हमीत बसत नाही आणि नवा पडदा जवळजवळ नव्या संचाच्या किमतीस जातो. ज्या खोलीत चेंडू आहे, त्या खोलीत लहान पडदा म्हणजे लहान जोखीम.

खोक्यावर किंवा संचाच्या पाठीवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह व 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे अवश्य पाहावे. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर फिरवून विकले जाणारे जोडकामाचे संच या परीक्षेत बहुधा उघडे पडतात.

विजेचा खर्च लोक समजतात तेवढा नाही. बत्तीस इंची संच साधारण ५० वॅट घेतो; रोज चार तास चालला तरी महिन्याला सहा युनिटे. खरा चोर निराळाच. सेट टॉप बॉक्स भिंतीवरील बटणाने बंद न करता वीस तास तसाच ठेवला आणि तो १० वॅट खात राहिला, तर तोही दिवसास तितकीच वीज घेतो. आमच्या भागात वळवाचा पाऊस विजांसह येतो. अशा वेळी प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवावीत. ज्यांस मासिक वर्गणी नको, त्यांस दूरदर्शनची 'फ्री डिश' आहे. तिच्यावर शाळेच्या अभ्यासाच्या वाहिन्याही दिसतात, हे कित्येक पालकांस आम्ही सांगेपर्यंत ठाऊक नसते.

बसविण्याविषयी दोन शब्द. बत्तीस इंची संचाच्या दोन पायांतील अंतर पुष्कळदा दोन फुटांच्या आसपास असते, त्यामुळे लहान टेबलावर तो काठावर उभा राहतो. आणि वजन जेमतेम चार किलो असल्याने मुलाने ओढला की खाली येतो. म्हणून भिंतीवरच बसवावा, आणि भोक पाडताना केवळ गिलावा नव्हे, वीट लागली पाहिजे. कारागीर सवयीने पाच फुटांवर लावून मोकळे होतात. पलंगावर बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर पडद्याचा मध्य यावा, म्हणजे जमिनीपासून सुमारे साडेतीन फूट.

मात्र मुलांच्या झोपण्याच्या खोलीत संच असावाच काय, हा प्रश्न आम्ही विक्रेते असूनही टाळू शकत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ सालच्या आपल्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलास पडदा मुळीच नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, असे सांगितले आहे. आणि झोपण्याची खोली पडद्यापासून मुक्त ठेवण्याकडेच वैद्यांचा कल आहे. म्हणून आम्ही गिऱ्हाइकास आधी विचारतो, मूल केवढे आहे, आणि त्याच खोलीत झोपते काय? मूल लहान असल्यास संच विकत नाही, निदान विकण्याची घाई करीत नाही. मोठी मुले असतील व घर असे असेल की दुसरी जागाच नाही, तर झोपेचा टायमर लावून देतो, रिमोट रात्री आईवडिलांच्या खोलीत ठेवावयास सांगतो आणि पालकांचा गुप्त क्रमांक त्यांच्या समोर बसवून देतो. हा क्रमांक ०००० अथवा १२३४ असा ठेवू नये. आमच्या घरी तो आम्ही नातवाच्या जन्मसालाचा ठेवला होता. तिसऱ्या दिवशी त्याने, "आजोबा, दुसरा काहीतरी शोधा," असे सांगून रिमोट आमच्या हातात आणून दिला.

गेल्या दिवाळीपासून काउंटरवर आम्ही मोजपट्टी ठेवली आहे. मुलांच्या खोलीसाठी संच मागणाऱ्यास ती देऊन, पलंगापासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून उद्या या, असे सांगतो. काही येतात. काही येत नाहीत. शेजारच्या दुकानातून त्रेचाळीस इंची घेऊन जाताना आम्ही त्यांना पाहिले आहे. आमच्या चिरंजीवांस ही मोजपट्टी अजून पटलेली नाही.