देणगी उंबऱ्यापर्यंत कशी पोचते

मे 2021. सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत सकाळी सातलाच ऊन चटका द्यायला लागतं, म्हणून आशाताई, म्हणजे गावची आशा आरोग्य कार्यकर्ती, सहाच्या आधी घराबाहेर पडायची. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात थर्मल गन, पॅरासिटामॉलच्या पट्ट्या, ओआरएसची पाकिटं, एक जाड वही आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. ऑक्सिमीटरच्या खोक्यावर तो देणाऱ्या प्रतिष्ठानाचं नाव छापलेलं होतं. कोणाच्या तरी मंजुरीतून, खरेदीतून, ट्रकमधून ते यंत्र इथवर आलं होतं. इथून पुढचा प्रवास पायी होता. त्या प्रवासात मी तिच्या मागोमाग हिंडले, कारण साथीच्या काळात मिळालेल्या मदतीचा हिशेब कुठं संपतो आणि उपयोग कुठून सुरू होतो, हे मला बघायचं होतं.

पहिल्याच घरी आजींनी हात पदराखाली घेतला.

"मले काई नाई झालं, बाप्पा. दवाखान्यात नेऊ नोको."

आशाताई ओट्यावर बसली. सून माहेराहून आली का, म्हशीचं दूध आटलं का, असं विचारत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आजी, बोट दे इकडं. टोचत नाई हे." मग हात बाहेर आला. बोटाच्या पेरांना भेगा, नखावर मेंदीचा जुना थर. आशाताईनं मधलं बोट सोडून कमी रंगलेली करंगळी धरली, ओल्या फडक्यानं पुसली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. नखावर रंग किंवा मेंदी असली की आकडा फसवू शकतो, हे तिला ठाऊक होतं. आकडा आला 96. तेवढ्यावर ती उठली नाही. आजींना अंगणात सहा मिनिटं चालवलं आणि पुन्हा मोजलं. राज्याच्या आरोग्य विभागानं त्या उन्हाळ्यात ही चाचणी घरोघर करायला सांगितली होती. चालल्यावर आकडा 93 च्या खाली गेला, किंवा आधीच्यापेक्षा 3 हून जास्त घसरला, तर रुग्णाला दवाखान्यात हलवायचं. बसल्या जागी ठीक दिसणारं फुप्फुस चालताना खरं सांगतं.

या छोट्या यंत्रात विषमतेची एक गोष्ट दडलेली आहे. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की काळ्या रुग्णांच्या रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असतानाही ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, आणि असं होण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट आहे. यंत्राचा प्रकाश कातडीतून जातो, आणि कातडीतलं रंगद्रव्य त्याच्या आड येतं. वर्ध्याच्या उन्हात आयुष्यभर वावरात राबलेल्या बाईच्या बोटावर तोच प्रकाश पडतो. म्हणून आकड्याच्या जोडीला तिचा श्वास मोजणारी, बोलताना तिला धाप लागते का हे ऐकणारी माणूस लागते. यंत्र अनुदानातून विकत मिळतं. ऐकणारी माणूस वर्षानुवर्षांच्या ये-जा करण्यातून तयार होते.

चौथ्या-पाचव्या घरी एका शेतमजुराचा आकडा 90 वर आला. त्यानं ताप लपवला होता, कारण चौदा दिवस घरी बसणं म्हणजे चौदा दिवसांची मजुरी बुडणं. आता प्रश्न दवाखान्याचा नव्हता. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं. प्रश्न ऑटोच्या भाड्याचा होता. अनुदानाच्या यादीत पीपीई किट, मास्क, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर असं सगळं होतं, पण भाड्यासाठी रकाना नव्हता. बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी गटाच्या पेटीतून पैसे काढले, रजिस्टरमध्ये अंगठा घेतला आणि ऑटो निघाला. त्या सकाळी जी व्यवस्था कामी आली, ती साथीच्या बरीच आधी उभी राहिली होती.

वर्धा जिल्ह्यात ही व्यवस्था कशी उभी राहिली, तो इतिहास मुळात देणगीचाच आहे. 22 फेब्रुवारी 1944 रोजी आगाखान पॅलेसमधल्या कैदेत कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावानं देशभरातून एक कोटीहून अधिक रुपये जमले, आणि गांधीजींच्या आग्रहानं तो निधी खेड्यातल्या बायका-मुलांसाठी राखला गेला. त्याच सुमारास सेवाग्राम आश्रमाजवळच्या एका अतिथीगृहात बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना सुरू झाला. डॉ. सुशीला नय्यर यांनी तो वाढवला, 1964 मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली, आणि 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकार, पाव वाटा राज्य सरकार आणि उरलेला पाव वाटा सोसायटी उचलते, अशी मांडणी आहे. इथं शिकायला येणारी प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. पहिल्याच वर्षी गावात शिबिर होतं, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबं सोपवली जातात, आणि पुढं तो त्यांच्याकडे जात राहतो. डॉक्टर व्हायच्या आधी तो त्या घराचा ओळखीचा होतो.

पण फक्त दवाखाना जवळ असून गरिबाला तो उघडा होत नाही, हे इथल्या डॉक्टरांच्या लवकर ध्यानात आलं. 1980 च्या आसपास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावांमध्ये ज्वारीचा आरोग्य विमा सुरू केला. सुगीनंतर हातात रोकड नसते, पण कणगीत ज्वारी असते. म्हणून हप्ता ज्वारीत घेतला जायचा. भूमिहीन कुटुंबानं थोडी द्यायची, जमीनवाल्यानं एकरामागं वाढत्या प्रमाणात. गावातली तीन-चतुर्थांश घरं सामील झाली तरच योजना लागू व्हायची. अचानक आलेल्या आजारात भरती झालेल्याला उपचार मोफत. बाळंतपण किंवा मोतीबिंदूसारख्या आधी ठाऊक असलेल्या कारणासाठी मात्र बिलाचा चौथा हिस्सा द्यायचा. दवाखान्यात जाताना गावच्या आरोग्यसेविकेची चिठ्ठी न्यायची.

या मांडणीतला विचार मला फार मोलाचा वाटतो. आरोग्यात समता म्हणजे सगळ्यांना सारखं वाटणं नाही; प्रत्येकानं आपल्या ऐपतीनं द्यावं आणि गरजेप्रमाणं घ्यावं, ही ती समता. ज्याच्याकडे वावर आहे तो जास्त देतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तोही थोडं देतो. त्यामुळं दवाखान्याच्या खिडकीपाशी उभा राहताना त्याची मान ताठ असते. तीन-चतुर्थांश घरांची अट वरवर जाचक दिसते, पण तिच्यामुळं सबंध गावाला एकत्र बसून बोलावं लागलं. कोणाचं घर सुटलं, का सुटलं, त्याच्या वाट्याची ज्वारी कोण भरेल, ही चर्चा गावातच झाली. साथीत नेमकी हीच चर्चा लागते.

पुढं 2003 ते 2008 या काळात आयुर्विज्ञान संस्थेच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागानं अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या निधीतून आणि आगा खान फाउंडेशनच्या साहाय्यानं जिल्ह्यात बालजीवनाचा एक प्रकल्प राबवला. बायकांचे बचत गट, मुलींच्या किशोरी पंचायती आणि गावाच्या समन्वय समित्या ही त्याची हत्यारं होती. गावातलं आरोग्याचं काम अखेरीस गावानं चालवावं, हा हेतू सुरुवातीपासून ठेवला होता. मुदत संपली, निधी थांबला. पण एकत्र बसून पेटी मोजायची आणि आजाऱ्याची विचारपूस करायची सवय निधीबरोबर संपत नाही. अनुदानाचं यश मोजायचं असेल तर ते संपल्यावर काय उरलं, यावरून मोजावं.

आता साथीच्या दिवसांतला पैसा बघू. 23 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारनं कोविडवरचा खर्च कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) खर्चात धरायला मान्यता दिली. त्या आठवडाभरात टाटा ट्रस्ट्सनं 500 कोटी आणि टाटा सन्सनं आणखी 1,000 कोटी रुपये जाहीर केले. 1 एप्रिलला अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि विप्रो समूहानं मिळून 1,125 कोटी जाहीर केले. टाटा ट्रस्ट्सनं बुलढाणा आणि सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत कोविड उपचार केंद्रं उभी करून दिली. त्या दिवसांत खाट आणि प्राणवायू मिळणं म्हणजे जीव वाचणं होतं. त्या दातृत्वाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

तरीही खाटेपर्यंत पोचायचा रस्ता वेगळा असतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेनं त्यातला पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देणं बंद झालं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. गावागावांत पाय रोवलेल्या, पण स्वतः परदेशी निधी आणू न शकणाऱ्या छोट्या संस्थांना याचा फटका बसला. तिकडं अमेरिकेत मार्च 2020 मध्येच शेकडो प्रतिष्ठानांनी जाहीर केलं होतं, की चालू अनुदानांवरच्या अटी आम्ही सैल करू, अहवालाचा तगादा कमी करू, गरज पडेल तिथं पैसा वळवू देऊ. संकटात काम करणाऱ्याच्या हाताला मोकळीक लागते, हे त्यांनी ओळखलं.

लस आली, तरी तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताही असाच वेगळा निघाला. 1 मे 2021 पासून 18 वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली, पण 45 वर्षांखालच्यांना मोबाइलवर नाव नोंदवून वेळ मिळवायची अट होती. ज्याच्या हातात वेगवान इंटरनेट, त्याच्या हाताला लस. शहरातली माणसं गावच्या केंद्रावरच्या जागा पटकावतात, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. 21 जूनपासून सगळ्या केंद्रांवर थेट जाऊन नोंदणी करता येऊ लागली, तेव्हा कुठं मजुरांना वाट मिळाली. आशाताईनं त्या काळात आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा केल्या, निंदणाच्या मजुरीला जाणाऱ्या बायकांना कोणत्या दिवशी सुट्टी असते ते विचारून केंद्राची वेळ सांगितली, आणि लस घेतल्यावर ताप येईल त्यांच्या घरी दुसऱ्या सकाळी चक्कर मारली. लशीला घाबरणारी आजी त्या चकरेमुळं तयार झाली. कोणत्याही पोस्टरनं ते झालं नसतं.

आणि हे सगळं करणारीला काय मिळत होतं? कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला 1,000 रुपये. 15 जून 2021 पासून राज्यातल्या सुमारे 70,000 आशा संपावर गेल्या. आठवडाभरानं सरकारनं 1,000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता मान्य केला. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव योग्यच होता. पण जिच्या ओळखीवर कोट्यवधींची मदत उंबरा ओलांडते, तिला अजूनही 'स्वयंसेविका' म्हणून मोबदला मोजून मिळतो, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची सगळ्यात मोठी उणीव आहे.

म्हणून देणगी देणाऱ्या प्रतिष्ठानांना आणि कंपन्यांना माझं एकच सांगणं आहे. साथ आल्यावर यंत्रं द्याच; पण साथ नसलेल्या वर्षांत माणसांना द्या. आशाताईच्या नियमित फेरीचा मोबदला द्या. गाव समितीच्या मासिक बैठकीचा, नर्सच्या गाडीच्या डिझेलचा, रात्री-अपरात्री लागणाऱ्या ऑटोच्या भाड्याचा खर्च द्या. या खर्चाला छायाचित्रात जागा नसते, त्यावर नाव छापता येत नाही, आणि अहवालात तो 'प्रशासकीय' म्हणून खाली ढकलला जातो. पण त्या सकाळी शेतमजुराचा जीव या खर्चामुळं वाचला. गावालाही आपल्या ऐपतीनं त्यात वाटा उचलू द्या, ज्वारीचा असो की रुपयांचा. ज्या गावानं स्वतःचं काही घातलेलं असतं, ते गाव बाहेरून आलेल्या मदतीवर लक्ष ठेवतं आणि ती योग्य घरी पोचवतं. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. तिच्यासाठीची तयारी मात्र आज, या साध्या दिवसांत, या साध्या खर्चांतूनच करावी लागेल.