बार्बेक्यू आणि राजशिष्टाचार

निखाऱ्यांच्या मंद आचेवर मांस भाजून उघड्यावर समुदायाने जेवण्याची पद्धत अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात जुनी आहे. १८ सप्टेंबर १७९३ रोजी वॉशिंग्टन यांनी कॅपिटॉलची कोनशिला बसविली, त्या समारंभाची सांगता ५०० पौंडी बैल भाजून झाली. या भोजनांतील समतेचे कौतुक फार होते. परंतु गुलामगिरीच्या काळात दक्षिणेत चर खणणे आणि रात्रभर आच राखणे हे काम बहुधा गुलामांचेच असे.

या पद्धतीस परराष्ट्रव्यवहारात खरे स्थान दिले ते लिंडन जॉन्सन यांनी. उपाध्यक्ष असताना, १९६१ मध्ये, त्यांनी पश्चिम जर्मनीचे आडेनाउअर आणि पाकिस्तानचे अयूब खान यांचे आतिथ्य टेक्ससमधील आपल्या कुरणावर केले होते. केनेडींच्या हत्येनंतर सव्वा महिन्याने, २९ डिसेंबर १९६३ रोजी, त्यांनी चॅन्सेलर एर्हार्ड यांनाही तेथेच बोलाविले. दोघेही आपापल्या पदावर नवे होते. व्हाइट हाउसवर केनेडींची छाया होती. पेडर्नालेसकाठी मात्र जॉन्सन हे निर्विवाद यजमान होते.

थंडीमुळे भोजन स्टोनवॉलच्या शाळेतील व्यायामशाळेत हलवावे लागले. तेथे गवताच्या पेंढ्या रचण्यात आल्या आणि सुमारे ३०० पाहुण्यांना भाजलेल्या बरगड्या व घेवडा वाढण्यात आला. हा साधेपणा अर्थातच योजनापूर्वक सिद्ध केलेला होता: पाकसिद्धी फोर्ट वर्थच्या वॉल्टर जेटन या व्यावसायिकाकडे होती, आणि पियानोवर बसला होता १९५८ ची मॉस्को येथील चायकोव्हस्की स्पर्धा जिंकलेला व्हॅन क्लायबर्न.