स्लॅब पडण्याआधी नेटचं बघा

यवतमाळ, पुसद किंवा वणीत घर बांधताना कूलरची खिडकी कोणती, हे पाया खोदतानाच ठरतं. नेट मात्र गृहप्रवेशानंतर आठवतं. मग दाराजवळचं सॉकेट पाहून राऊटर बसतो आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीला ऑनलाइन क्लाससाठी जिन्यात येऊन बसावं लागतं. घरचे महागडा प्लॅन घेतात. जिना सुटत नाही, कारण अडचण प्लॅनची नसतेच.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपार जातात, पण त्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राऊटर त्यांतच दाटीवाटी करतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा आणि वेग जास्त. मात्र विटांची भिंत त्या लहरींना लवकर थकवते आणि सळ्यांचा स्लॅब दोन्हींना जड जातो. त्यात आपला उन्हाळा. पत्र्याचा कूलर लहरी परतवतो, त्यातलं पाणी त्या शोषतं. पारा ४४-४५ वर जातो तेव्हा स्लॅबखालच्या माळ्यावर राऊटर ठेवूच नये. घरगुती राऊटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात.

चांगल्या वाय-फायचा पाया तारेत असतो, हे मला आग्रहानं सांगायचं आहे. प्रत्येक मजल्यावर छताला वाय-फाय पसरवणारा एक अॅक्सेस पॉइंट आणि तिथपर्यंत कॅट-६ केबल. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते आणि पीओई स्विच लावला तर वीजही तिच्यातूनच जाते. तारेऐवजी साधा रिपीटर लावला तर तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो. केबल शुद्ध तांब्याचीच घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांबवर वीज नेताना दगा देते.

अभ्यासिका चालवणाऱ्यांनी तर हे आधी पाहावं. एका चॅनेलवर एका वेळी सहसा एकच उपकरण बोलतं. हॉलभर मोबाइल असले की प्रत्येकाची पाळी लांबते. संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही अशा जागेवरून न हलणाऱ्या वस्तू तारेवर घ्या, म्हणजे हवा मोबाइलला मोकळी राहते.

नेटचा पाइप विजेच्या पाइपापासून वेगळा हवा. आत ओढतार सोडून ठेवा, नाहीतर पुढे झिऱ्या मारण्यात रंगाचा खर्च वाया जातो. राऊटर आणि स्विच दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत नेट न्यायचं असेल तर धातूची तार नसलेली फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळ्यात कडाडलेली वीज त्या वाटेनं घरात शिरत नाही.