अर्धी गोळी आणि मांजर

तुमच्या घरातल्या मांजराच्या कानाला हात लावून बघा. गरम लागतो? आता पोटाशी हात घाला. तिथं तर आणखी गरम. यात भर म्हणून मे महिन्यातली हिंगोली डोळ्यांपुढे आणा. पारा चाळिशीच्या पुढे, लाइट गेलेली, मनी माठाखालच्या ओल्या फरशीवर आडवी आणि सकाळपासून दुधाला तोंड लावलेलं नाही. घरातलं कुणीतरी तिला उचलतं आणि म्हणतं, "अंग बघा किती तापलंय हिचं!" फडताळातल्या डब्यातून तापाच्या गोळ्यांचं पाकीट निघतं. लेकराला अर्धी देतो ना, मग हिला पाव द्या. दुधात कालवून.

जरा थांबा. त्या मनीला थर्मामीटर लावलं तर किती भरेल? समजा, १०१.५ भरलं. लेकराचं इतकं भरलं तर आई रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवते. मांजराचं मात्र हे रोजचं तापमान! धडधाकट मांजराचं अंग साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. म्हणजे आपल्या हिशेबानं ते जन्मभर तापातच हिंडतं, त्याच तापात भिंतीवरून उडी मारतं आणि त्याच तापात उंदीर धरतं. अंग गरम लागतं ते आपला हात त्याच्याहून गार असतो म्हणून.

आणि तरीही ती गोळी दिली गेली तर?

गोळी साधीच आहे, पॅरासिटामॉल. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, आत तेच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, फक्त नाव वेगळं. साठ किलोच्या माणसानं ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे आठेक मिलिग्रॅम पडतात. साडेतीन किलोच्या मांजराला त्याच गोळीची पाव कपची दिली तर किलोमागे पस्तीस! पण नुसतं वजनाचं गणित असतं तर कपची आणखी बारीक करून भागलं असतं. तेही भागत नाही. किलोमागे जेमतेम दहा मिलिग्रॅम गेल्यावरही मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. जवळपास तेवढ्याच मात्रेत आपण घाम पुसून कामाला लागतो.

काही तासांत मांजर मलूल होतं, धापा टाकू लागतं, लाळ गाळतं. पुष्कळदा तोंड आणि पंजे सुजतात. अंगठ्यानं वरचा ओठ हलकेच उचलला तर एरवी गुलाबी असणारी हिरडी मातकट, निळसर-तपकिरी दिसते. दवाखान्यात रक्ताचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकला की खूण पटते. चांगल्या रक्ताचा थेंब हवा लागताच लालभडक होतो. हा तपकिरीच राहतो, चॉकलेटच्या रंगाचा. हवा आहे, श्वास चालू आहे, रक्तही वाहतंय, पण ते रक्त प्राणवायू उचलायलाच तयार नाही.

एका पांढऱ्या गोळीनं एवढं कसं घडवलं? त्यासाठी आधी आपल्याच यकृतात डोकावावं लागेल. आणि तिथली तऱ्हा कळायला हिंगोलीच्या मोंढ्याइतकी सोयीची जागा नाही. हळदीचं पोतं मोंढ्यातून बाहेर काढायचं तर काटा व्हावा लागतो, पावती फाटावी लागते. पावती नसली की गाडी फाटकातच अडते. शरीरात शिरलेल्या परक्या रसायनाचंही तसंच आहे. ते पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मूत्रपिंडाच्या फाटकातून सहजी सुटत नाही. मग यकृतातला एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या रसायनाला साखरेपासून बनलेला एक तुकडा चिकटवतो. त्याचं नाव ग्लुकुरोनिक आम्ल. ही झाली पावती. ती डकवली की रसायन पाण्यात विरघळतं, लघवीवाटे निघून जातं आणि खेळ खलास. आपण घेतलेल्या पॅरासिटामॉलचा निम्म्याहून अधिक भाग असाच बाहेर पडतो. उरलेल्यातल्या बऱ्याच मालाला शेजारच्या खिडकीवर गंधकाची, म्हणजे सल्फेटची पावती मिळते. अगदी थोडा माल मागच्या वाटेनं जातो आणि त्या वाटेवर त्याचं जहाल विष बनतं. त्याला गाठायला ग्लुटाथायोन नावाचं रसायन पेशीत हजर असतं आणि थोड्या विषाला ते पुरून उरतं.

मांजराच्या मोंढ्यात मोठ्या खिडकीवरचा, म्हणजे ग्लुकुरोनिक पावती फाडणारा, मुनीमच नाही! शेजारच्या खिडकीवरचं पावतीपुस्तक पातळ, ते लगेच संपतं. मग सगळा माल मागच्या वाटेनं.

तिथं तयार होणाऱ्या विषापुढे ग्लुटाथायोनचा साठा बघता बघता आटतो. माणसानं या गोळ्या फार घेतल्या तर आधी यकृत जातं. मांजराचं आधी रक्त जातं. गोळीपासून बनणारा आणखी एक तुकडा हिमोग्लोबिनमधल्या लोहाला असा बिघडवतो की त्याला प्राणवायू धरता येत नाही. त्या तुकड्याला पुन्हा गरीब करून सोडणारा एक विकर आपल्याकडे आहे. मांजराकडे तोही नाही. शिवाय मांजराचं हिमोग्लोबिन मुळातच हळवं. अशा माऱ्याला सहज बळी पडणाऱ्या गंधकाच्या जागा माणसाच्या हिमोग्लोबिनवर दोन, कुत्र्याच्या चार आणि मांजराच्या किमान आठ. कांदा-लसूण घातलेलं कालवण मांजराला घालू नये म्हणतात, त्याचंही कारण इथंच आहे.

मुनीम गेला कुठे, हा प्रश्न आता सोडवत नाही. तो कुठेही गेलेला नाही, हीच तर गंमत. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तो विकर बनवणारं मांजराचं जनुक वाचून काढलं. त्याचं नाव यूजीटी१ए६. जनुक अगदी जागच्या जागी सापडलं, पण अक्षरं अशी बिघडलेली की त्यावरून विकर बनूच शकत नाही. मनीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत हा निकामी मजकूर आजही जपून ठेवलेला आहे आणि प्रत्येक पिल्लाला तो इमानेइतबारे नकलून दिला जातो. २०११ साली शोध आणखी पुढे गेला. वाघ-सिंहांच्या शाखेसह मांजरकुळाच्या निरनिराळ्या शाखा तपासल्या, तेव्हा सगळीकडे हेच जनुक बिघडलेलं निघालं. याचा अर्थ बिघाड मनीचा नाही, तिच्या आजीचा नाही, सगळ्या मांजरांच्या सामाईक पूर्वजाचा आहे. संशोधकांच्या अंदाजानं तो साडेतीन कोटी ते एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वीच्या काळातला. सातपुड्यातल्या वाघालाही ही गोळी पचायची नाही. कुणी द्यायला जाणार नाही, ही गोष्ट वेगळी.

एवढं कामाचं जनुक निसर्गानं गमावू कसं दिलं? ते मुळात कशासाठी होतं, ते बघा. झाडांना पळता येत नाही. म्हणून ती पानांत, मुळांत, सालीत नाना रसायनं भरून ठेवतात आणि झाडं खाणाऱ्यांना ती पचवून बाहेर टाकावी लागतात. पावती फाडणाऱ्या विकरांचा मोठा ताफा त्यासाठीच लागतो. तापाची गोळी परवा आली, हा ताफा कोट्यवधी वर्षांचा. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीचा पिवळा रंग ज्याच्यामुळे आहे तो कर्क्युमिन घ्या. तो ग्रॅमच्या मापानं खाल्ला तरी रक्तात जेमतेम सापडतो. का? तर आपलं आतडं आणि यकृत त्याच्यावर झटपट याच पावत्या डकवतात. ज्या जिल्ह्यात घराघरात हळद शिजते, तिथल्या माणसाचं यकृत जेवणागणिक या कामाला जुंपलेलं असतं आणि त्याला पत्ताही नसतो!

मांजराचा पूर्वज मात्र मांसावर आणि फक्त मांसावर जगला. पाल्याची विषं त्याच्या ताटात आलीच नाहीत. मग एके दिवशी जनुकात एक अक्षर चुकलं आणि कुणाचंच काही बिघडलं नाही. ती पिल्लं जगली, त्यांना पिल्लं झाली, आणखी अक्षरं चुकत गेली. वापरच नाही तर दुरुस्ती कोण करणार? हा नुसता तर्क नव्हे. आफ्रिकेतला तपकिरी तरस आणि समुद्रात मासे मारून जगणारा उत्तरेकडचा हत्ती-सील या दोघांतही हेच जनुक मोडलेलं सापडलं. नात्यानं लांबचे, आपापल्या वाटेनं आलेले, पण दोघंही पक्के मांसाहारी.

गोड चव ओळखणारं एक जनुकही मांजरानं याच पद्धतीनं टाकून दिलंय, हे २००५ साली कळलं. बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालणारी मनी साखरेसाठी येत नाही, सायीसाठी येते.

पण सगळेच मुनीम गेले नाहीत. जुन्या रक्तपेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचा पिवळा रंग सुटतो. तो साचला की कावीळ. त्याला पावती देणारा विकर मांजरात ठणठणीत आहे, कारण झाडपाला खा नाहीतर उंदीर खा, स्वतःचं रक्त तर रोजच मोडतं. ज्याची रोज गरज ते टिकलं, बाकीचं गळालं. इतका चोख हिशेब बघितला की मांजराला नाजूक म्हणायला जीभ रेटत नाही. ते आपल्या जुन्या जगासाठी अगदी बेतून घडलेलं आहे. अडचण एवढीच, की राहतं आपल्या घरात.

आणि आपल्या घरात काय काय असतं? फरशी पुसायचं फिनाईल. ते मांजराच्या पंजाला लागतं आणि पंजा चाटायची तर त्याला सवयच. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध, त्यानं कुत्रा मजेत राहतो आणि मांजराला झटके येतात. अ‍ॅस्पिरिनची तर कमाल आहे. तिचा अंमल निम्म्यावर यायला कुत्र्यात आठेक तास लागतात, मांजरात जवळजवळ चाळीस. एकाला चाललं म्हणून दुसऱ्याला चालेल, हा हिशेब केवढा महाग पडतो ते आपण गिधाडांच्या बाबतीत पाहिलंच आहे. बैलाची सूज उतरवणारं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी येईस्तोवर आभाळ रिकामं झालं होतं.

मग गोळी पोटात गेलीच तर काय करायचं? घड्याळ बघायचं, पाकीट खिशात घालायचं आणि निघायचं. किती वाजता, किती मिलिग्रॅम आणि मांजराचं वजन किती, एवढं सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं काम झालं. मीठ-पाणी पाजून उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. मीठ हे त्याला दुसरं विष होतं आणि धाप लागलेल्या मांजराच्या फुफ्फुसात पाणी शिरायला वेळ लागत नाही. हळदीचं दूधही नको. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ओळीनं म्हशी आणि शेळ्या उभ्या असतात. तिथं पिशवीतून मांजर काढताना माणूस संकोचतो, पण संकोचू नये. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. औंढ्यावरून परभणी गाठली तर तिथं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तरी असल्या कामाला पाय अजून परभणीकडेच वळतात. निघण्याआधी फोन करून उतारा आहे का एवढं विचारून घ्यावं.

हा उतारा तरी काय असावा? अ‍ॅसिटिलसिस्टीन! छातीतला चिकट कफ पातळ करायला माणसांना पाण्यात फसफसणारी गोळी देतात, तिच्यातलंच औषध. माणसाला पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर इस्पितळातही हेच चढवतात. विषाशी ते थेट झुंजतं ते थोडंच. त्याचं मुख्य काम पेशीला सिस्टीन पुरवणं, आणि सिस्टीन हा ग्लुटाथायोनचा कच्चा माल. साठा पुन्हा भरू लागतो. जोडीला प्राणवायू आणि क जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर रक्तही. वेळेत पोचलेली पुष्कळ मांजरं यातून उठतात. मात्रा आणि वेळ मात्र डॉक्टरांनीच ठरवायची. मेडिकलमधून फसफसती गोळी आणून घरी प्रयोग करायला लागलात तर आपण पुन्हा पाव कपचीवरच आलो.

जाता जाता याच सिस्टीनचा आणखी एक पराक्रम. बोका कोपऱ्याकोपऱ्यावर जो फवारा मारतो आणि ज्याच्या वासानं घरदार नाक दाबतं, त्याचं मूळ फेलिनिन नावाच्या रसायनात आहे. ते ग्लुटाथायोनच्याच वाटेनं, सिस्टीन खर्चून बनतं. जीव वाचवणारा माल बोका मालकीहक्काची जाहिरात करायला भिंतीवर उधळतो!

बऱ्या झालेल्या मांजराच्या हिरड्या दोन-तीन दिवसांत गुलाबी होऊ लागतात, पण रक्तातली खूण त्याहून जास्त टिकते. विषानं गोठलेल्या हिमोग्लोबिनचे बारीक गोळे तांबड्या पेशींच्या कडेला चिकटलेले सूक्ष्मदर्शकातून दिसतात. त्यांना हाइन्झचे कण म्हणतात. असल्या पेशी वेचून काढायचं काम प्लीहेचं, आणि मांजराची प्लीहा त्या बाबतीत अंमळ ढिली असते. त्यामुळे धडधाकट मांजराच्या रक्तातही असे दोन-चार कण सापडले तर डॉक्टर बिचकत नाहीत. मांजराची तांबडी पेशी जगते सुमारे सत्तर दिवस. मे महिन्यात गोळी खाऊन वाचलेल्या मनीच्या अंगात पोळ्यापर्यंत सगळं रक्त नवं झालेलं असतं. तिच्या पेशींतलं यूजीटी१ए६ अर्थातच तसंच, मोडलेलं.