स्वरक्ताची मात्रा आणि तिची मर्यादा

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की घरोघरी ज्यांची मोजदाद सुरू होते, त्या प्लेटलेट्स म्हणजेच रक्तबिंबिका आता केस विरळ होत चाललेल्या आणि मुरुमांच्या व्रणांनी खंतावलेल्या असंख्य तरुण-तरुणींचे आशास्थान झाल्या आहेत. रुग्णाच्याच रक्तातून बिंबिकांनी समृद्ध असा द्रव वेगळा काढून तो त्याच्याच त्वचेत टोचावयाचा, हे 'पीआरपी' नामक इलाजाचे स्वरूप होय. त्यात तथ्य आहे. परंतु ते कोठवर पोहोचते याची खात्री करून घेतल्यावाचून कोणी सुईखाली मस्तक देऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

1882 साली इटलीतील तुरीन येथे ज्युलिओ बिझोझेरो या विकृतिशास्त्रज्ञाने रक्त थिजण्यातील बिंबिकांचे कार्य विशद केले. रक्तवाहिनीस जखम होताच या बिंबिका तेथे जमून छिद्र बुजवितातच, शिवाय आपल्या सूक्ष्म कणिकांत साठविलेली वृद्धिद्रव्ये मोकळी करून नव्या पेशींच्या व केशवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतात. याच गुणाचा लाभ घेऊन अमेरिकी मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी 1998 साली जबड्याच्या अस्थिरोपणातील आपले अनुभव प्रसिद्ध केले, आणि पुढे हा उपाय त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात स्थिरावला.

कोपराजवळच्या शिरेतून साधारणतः 10 ते 20 मिलिलिटर रक्त, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळीत घेऊन, यंत्रात वेगाने फिरवितात. नळी बाहेर काढली म्हणजे तळाशी तांबड्या पेशींचा दाट थर, त्यावर पांढुरकी पातळ साय आणि वर फिकट पिवळा रक्तद्रव अशी स्पष्ट विभागणी दिसते. निरोगी रक्तात दर घन मिलिमीटरला दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात. सायीलगतच्या द्रवात त्यांची संख्या कैक पटींनी वाढविणे, हेच या खटाटोपाचे प्रयोजन. बहुधा महिन्याच्या अंतराने तीन वेळा, आणि नंतर काही महिन्यांनी पुनःपुन्हा, हा द्रव टाळूत टोचला जातो.

आनुवंशिक केसगळतीत ज्यांची केशमुळे आकसली असली तरी जिवंत आहेत, अशा अनेकांस यामुळे काही अंशी लाभ होतो. जेथे मूळच नष्ट होऊन टाळू गुळगुळीत झाली आहे, तेथे मात्र हा इलाज व्यर्थ होय. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड यांसारख्या प्रस्थापित औषधांना हा पूरक आहे, पर्याय नव्हे. लोहाची उणीव, थायरॉइडचा विकार किंवा नुकताच होऊन गेलेला ताप यांमुळे केस गळत असतील, तर मूळ कारणाकडे लक्ष देणेच श्रेयस्कर. त्वचेच्या बाबतीत, मुरुमांच्या खड्ड्यांवर सूक्ष्मसुयांच्या जोडीने याचा उपयोग झाल्याचे दिसते. सुरकुत्यांविषयीचा पुरावा अद्याप तोकडा आहे. शिवाय रक्त फिरविण्याची गती व पद्धती ठिकठिकाणी भिन्न असल्याने, शेजाऱ्यास आलेला गुण हा आपल्यासाठी दाखला ठरत नाही.

'आपलेच रक्त, मग भय कसले?' हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात विनापरवाना चालणाऱ्या एका सौंदर्यगृहात नावाची चिठ्ठीही नसलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातील फ्रिजमध्ये खाद्यपदार्थांशेजारी ठेवलेल्या आढळल्या, आणि तेथे चेहऱ्यावर हा उपचार करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचा अहवाल अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2024 साली प्रसिद्ध केला. रक्त आपले असले, तरी सुई, नळी आणि हात दुसऱ्याचे असतात, हे विसरून चालणार नाही.

म्हणून डॉक्टरांची नोंदणी पाहावी, निर्जंतुक संच आपल्यासमोर उघडावयास सांगावा, नळीवर आपले नाव लिहून घ्यावे आणि एकूण खर्चाचा अंदाज आगाऊ लेखी मागावा. बिंबिका कमी असल्यास किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे आधीच सांगावे. विरळ केसांपायी लग्नाच्या बैठकीत मान खाली घालावी लागलेल्या मुलाचे दुःख खरेच आहे, आणि ते खरे असल्यामुळेच त्याच्या जिवावर भरमसाट वचनांची दुकानदारी चालू देणे अन्यायाचे आहे. 'तुम्हाला याची गरज नाही,' असे निःसंकोचपणे सांगणारा वैद्य भेटला, तर त्याच्यावर विश्वास ठेवावा.