सावलीची साक्ष

१८ डिसेंबर २०१२ रोजी यूट्यूबवर मिनिटभराचा एक व्हिडिओ आला. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरातली एक बाग, थंडीचे दिवस, झाडे उघडीबोडकी. आकाशात एक मोठा गरुड घिरट्या घालतो आहे आणि कोणीतरी हौसेने कॅमेरा त्याच्यामागे फिरवतो आहे. गरुड एकदम खाली झेपावतो, गवतावर बसलेल्या लहान मुलाला पंजांत धरतो, थोडे वर उचलतो आणि सोडून देतो. चित्रण करणारा धावत सुटतो, कॅमेरा हिंदकळतो, मुलाचे रडणे ऐकू येते. बस, एवढेच. बघता बघता तो लाखो लोकांनी पाहिला, आणि पाहणाऱ्यांचे दोन तट पडले.

त्या वादातले मुद्दे वाचण्यासारखे होते. पहिला प्रकार माणसाच्या वागण्यावरचा : बाप असा ओरडेल का, कॅमेरा टाकून आधीच धावणार नाही का, वगैरे. या मुद्द्यांनी काहीच ठरत नाही. अपघात पाहताना माणूस कसा वागेल याची आपली कल्पना बहुतेक सिनेमातून आलेली असते. दुसरा प्रकार पक्ष्यांच्या जाणकारांचा. सोनेरी गरुडाचे वजन तीन ते सहा किलो. दहा-बारा किलोचे मूल उचलून तो वर जाणार कसा? शिवाय पंखांची ठेवण सोनेरी गरुडाची नाही, असेही ते सांगत होते. हा मुद्दा वजनदार होता, पण 'क्षणभरच तर उचलले' असे त्याला उत्तर मिळत होते. तिसऱ्या प्रकारच्या लोकांनी मात्र वाद न घालता व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून पाहिला. त्यांना दिसले ते असे की गरुडाची सावली काही फ्रेममध्ये आहे आणि काहींमध्ये नाही. सूर्य तोच, जमीन तीच, मग सावली गेली कुठे?

दुसऱ्या दिवशी मॉन्ट्रियलच्या 'सेंटर एनएडी' या अॅनिमेशन शिकवणाऱ्या संस्थेने जाहीर केले की हे आमच्या विद्यार्थ्यांचे काम आहे. बागेतले चित्रण खरे. गरुड आणि मूल संगणकावर घडवून त्यात बसवलेले.

ही हकीकत इथे संपली असती तर 'इंटरनेटवर दिसते ते खोटेच' एवढाच धडा लोकांनी घेतला असता, आणि पुष्कळांनी तो घेतलाही. पण दोन महिने उलटायच्या आत नेमके उलट घडले.

१५ फेब्रुवारी २०१३. रशियातल्या उरल पर्वताजवळचे चेल्याबिन्स्क शहर. सकाळी सव्वानऊच्या सुमारास आकाशात एक तेजाचा गोळा सरकत गेला आणि क्षणभर सूर्याहून लखलखीत झाला. रशियातल्या पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या काचेला आतून छोटा कॅमेरा लावलेला असतो. तिथे अपघाताचे खोटे दावे, विम्याची भांडणे नेहमीची. न्यायालयात दाखवायला पुरावा हवा म्हणून ही सोय. त्यामुळे कोणीही मुद्दाम चित्रण करत नसताना ही घटना शेकडो कॅमेऱ्यांत टिपली गेली.

आणि ते पाहून पुष्कळांनी म्हटले, खोटे आहे. कारण ते सिनेमासारखे दिसत होते. काही चित्रणांत तर गाडी चालवणारा काही बोलतही नाही. रेडिओवरचे गाणे चालू आहे, समोर आकाश पेटले आहे आणि गाडी आपल्या रांगेत चालली आहे. असे कोणी शांत राहील का? (पुन्हा तोच माणसाच्या वागण्याचा मुद्दा.) गोंधळात भर घालायला इतरही गोष्टी होत्या. त्याच दिवशी '२०१२ डीए १४' नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता, हे आधीपासून ठाऊक होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण योगायोगावर माणसाचा विश्वास बसत नाही. रशियातले एक मोठे राजकीय नेते व्लादिमीर झिरिनोव्स्की यांनी, ही उल्का नसून अमेरिकेच्या नव्या शस्त्राची चाचणी आहे, असे सांगून टाकले. भरीला, उल्का पडून झालेला जळता खड्डा म्हणून एक व्हिडिओ फिरू लागला. तो तुर्कमेनिस्तानातल्या दरवाझा इथल्या, कित्येक वर्षे जळत असलेल्या वायूच्या विवराचा होता. खऱ्या घटनेच्या आडोशाला खोटी चित्रे येऊन बसतात, आणि मग एका खोट्यामुळे शंभर खरी संशयात सापडतात.

या चित्रणांतली मला सर्वांत पटलेली खूण आवाजाची आहे. गोळा चमकतो, विझतो, आकाशात धुराचा पट्टा राहतो, आणि मग काहीच होत नाही. शहराच्या मध्यभागी घेतलेल्या चित्रणांत दोन मिनिटांहून अधिक वेळ असा रिकामा जातो. त्यानंतर एकदम धडाका, काचा फुटल्याचा आवाज, गाड्यांचे भोंगे. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीनने भागून अंतर काढायचे, हे आपण लहानपणी केलेले असते. तोच हिशेब इथे लावा : आवाज सेकंदाला साधारण एकतृतीयांश किलोमीटर जातो, म्हणजे स्फोट चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर झाला असला पाहिजे. पुढे शास्त्रज्ञांनी स्फोटाची उंची सुमारे ३० किलोमीटर ठरवली, आणि ती शहराच्या डोक्यावर नव्हे तर दक्षिणेला तिरकी होती. हिशेब जुळतो. खोटे चित्रण करणारा प्रकाश आणि आवाज एकत्र आणतो, कारण पडद्यावर तसेच शोभते. दोन मिनिटांची कंटाळवाणी शांतता कोण कशाला घालेल?

त्या शांततेनेच लोकांचा घात केला. प्रकाश पाहून माणसे खिडकीशी आली, धुराचा पट्टा बघत उभी राहिली, आणि आघाताची लाट आली तेव्हा काचा त्यांच्या तोंडावर फुटल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी.

आता सावलीकडे येऊ. कोलंबियातल्या मेडेयिन शहरातील अँटिओकिया विद्यापीठाचे होर्हे सुलुआगा आणि इग्नासिओ फेरिन या दोन खगोलशास्त्रज्ञांनी रशियात पाऊलही न ठेवता, आठवडाभरात, या उल्केची सूर्याभोवतीची कक्षा काढली. त्यांच्या हाताशी होते ते इंटरनेटवरचे व्हिडिओ. त्यांतल्या एकात चेल्याबिन्स्कचा क्रांती चौक दिसतो, आणि चौकातल्या दिव्याच्या खांबांच्या सावल्या उल्का सरकते तशा जमिनीवर फिरतात. रीत शाळेतल्या भूमितीची आहे. खांबाची उंची आणि सावलीची लांबी यांच्या गुणोत्तरावरून प्रकाश क्षितिजापासून किती अंश वर होता ते कळते. सावली जिकडे पडली त्याच्या विरुद्ध दिशेला प्रकाश होता. असे एका जागेवरून आणि मग दुसऱ्या गावातून काढले की दोन रेषा जिथे मिळतात तिथे उल्का. मी स्वतः आलेखाच्या कागदावर ही आकडेमोड करून पाहिली तेव्हा दोनदा चुकलो, पण चूक माझ्या हिशेबाची होती, रीतीची नव्हे. नंतर इतर संशोधकांनी अधिक काटेकोर काम केले. चित्रण जिथून झाले तिथे जाऊन रात्री ताऱ्यांसह छायाचित्रे घेतली, म्हणजे चित्रातल्या इमारतीचा कोपरा आकाशात नेमका कुठे येतो ते ठरवता आले. सुमारे २० मीटर व्यासाचा खडक, सेकंदाला सुमारे १९ किलोमीटर वेग. त्याचा मोठा तुकडा चेबारकुल तळ्यातला बर्फ फोडून खाली गेला होता; तो ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेर काढला.

हौशी चित्रणाची ही ताकद एकेका व्हिडिओत नाही. वेगवेगळ्या लोकांनी, एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या जागांवरून टिपलेल्या गोष्टी एकाच हिशेबात बसतात, ती त्यांत आहे. आता यंत्राकडून हुबेहूब चित्रण बनवून घेता येते आणि सावल्याही बऱ्यापैकी जमू लागल्या आहेत. एक व्हिडिओ तसा बनवणे सोपे. पन्नास ठिकाणांहून पन्नास, आणि प्रत्येकात आवाजाचा उशीर त्या त्या अंतराप्रमाणे, हे फार अवघड.

पण एकच व्हिडिओ असेल, दुसरा साक्षीदारच नसेल तर? जुलै २०१८ मध्ये असा एक व्हिडिओ आफ्रिकेत पसरला. गणवेशातले सशस्त्र लोक दोन स्त्रियांना आणि दोन लहान मुलांना वाटेने चालवत नेतात आणि गोळ्या घालतात. हे कॅमेरूनचे सैनिक आहेत, असा आरोप झाला. कॅमेरूनच्या सरकारने ही खोटी बातमी आहे, असे सांगितले. गणवेश आमचे नाहीत, शस्त्रे आमची नाहीत. इथे 'खोटा आहे' म्हणणारा कोणी रिकामटेकडा प्रेक्षक नव्हता, सरकार होते. गरुडाच्या व्हिडिओने लोकांना जी शंका घ्यायला शिकवले तीच शंका ढाल म्हणून वापरता येते, हे इथे दिसते.

बीबीसीच्या 'आफ्रिका आय' या गटाने इतर तपास करणाऱ्यांच्या मदतीने त्या व्हिडिओवर काम केले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते प्रसिद्ध केले. व्हिडिओच्या सुरुवातीला मागे डोंगराची एक रांग दिसते. ती रेषा उपग्रहाच्या नकाशांवरून जुळवत जुळवत ते उत्तर कॅमेरूनमधल्या, नायजेरियाच्या सीमेजवळच्या झेलेव्हेट या गावापाशी पोचले. मग प्रश्न कधीचा. चित्रात दिसणारी काही बांधकामे उपग्रहाच्या कुठल्या वर्षीच्या छायाचित्रांत आहेत आणि कुठल्या वर्षी नाहीत, त्यावरून काळाच्या दोन्ही बाजू बंद झाल्या. ती पायवाट फक्त कोरड्या महिन्यांत दिसते. आणि शेवटी, चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या. महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे ठरावीक जागी सावलीची लांबी आणि दिशा तारखेशी बांधलेली असते. सूर्य वर्षातून दोनदा त्याच मार्गाने जातो, म्हणून सावलीवरून दोन तारखा निघू शकतात. त्यांतली पावसाळ्यातली तारीख पायवाटेने बाद होते. उत्तर निघाले : २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ च्या दरम्यान. त्या वेळी त्या भागात कोणते सैन्य होते, हे मग विचारता आले. सप्टेंबर २०२० मध्ये कॅमेरूनच्या लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना प्रत्येकी दहा वर्षांची आणि एकाला दोन वर्षांची शिक्षा दिली.

इथवर वाचून सावली म्हणजे रामबाण उपाय, असे कोणाला वाटेल. मलाही काही काळ तसे वाटत होते. त्या भ्रमातून मला बाहेर काढले ते एका अगदी साध्या व्हिडिओने, ज्यात एकही सावली चुकलेली नाही.

कराचीच्या 'रोशनी हेल्पलाइन' या संस्थेने हरवणाऱ्या मुलांबद्दल पालकांना सावध करण्यासाठी २०१६ मध्ये एक छोटी फिल्म केली. रस्त्यावरच्या सीसीटीव्हीत टिपल्यासारखी. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटरसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. काही क्षणांनी तेच दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि मागे बसलेला माणूस एक फलक उघडून दाखवतो : कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला क्षणभर पुरतो. कुठल्यातरी हाताने हा शेवटचा भाग कापला. उरलेला तुकडा २०१८ मध्ये भारतातल्या अनेक राज्यांत, निरनिराळ्या भाषांतल्या 'मुले पळवणारी टोळी आली आहे' अशा मजकुरांसह, मोबाईलवरून फिरत होता.

या तुकड्याला फ्रेम थांबवून तपासणाऱ्याने काय म्हटले असते? सूर्य बरोबर, सावल्या बरोबर, माणसे खरी, मोटरसायकल खरी, संगणकाने काही बसवलेले नाही. 'चित्रण अस्सल आहे' हे त्याचे उत्तर खरेच ठरले असते, आणि घातकही. कारण प्रश्न दोन आहेत. चित्रात दिसते ते कॅमेऱ्यासमोर घडले का, हा एक. आणि चित्राबरोबर जी गोष्ट सांगितली जाते आहे ती याच चित्राची आहे का, हा दुसरा. आपले वाद जवळजवळ सगळे पहिल्या प्रश्नावर चालतात. दुसऱ्यासाठी व्हिडिओत कितीही डोकावले तरी उत्तर मिळत नाही. व्हिडिओच्या बाहेर जावे लागते. एखादी फ्रेम घेऊन ती इंटरनेटवर आधी कुठे आली होती ते शोधायचे, सर्वांत जुनी प्रत गाठायची, तिची लांबी आपल्या हातातल्या प्रतीशी ताडून पाहायची. पाच मिनिटांचे काम आहे. त्यासाठी भूमिती येण्याची गरज नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा हे आदिवासी गाव. आठवड्याचा बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी फिरत तिथे आले होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या भागात आधीच पोचल्या होत्या. एका लहान मुलीशी ते बोलताना दिसले, एवढे पुरले. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारले. पाचही गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

बाजारात मोबाईल होते. मारहाणीचेही चित्रण झाले, तेही फिरले, आणि आरोपींची ओळख पटवायला पोलिसांना त्याच चित्रणाचा उपयोग झाला.