दुपट्यावरचा हिरवा डाग

भोपाळच्या तात्या टोपे नगरात, जवाहर चौकाच्या आसपासच्या एखाद्या मराठी घरात दोन दिवसांचं बाळ हिरवं ओकलं, तर इतर कुठल्याही घरासारखंच इथंही कुणीतरी म्हणतं, ‘आईनं पालेभाजी खाल्ली असेल.’ तो रंग भाजीचा नाही, पित्ताचा आहे. पित्त आतड्यात उतरतं त्या जागेच्या खाली वाट अडली, की ते उलट वर येतं. प्रत्येक हिरव्या उलटीमागे अडथळाच असतो असं नाही, पण तो नाही हे तपासून ठरेपर्यंत आहे असंच धरायचं.

‘काळी शी झाली, म्हणजे पोट मोकळं आहे’ हेही खरं नाही. अडथळ्याच्या खाली आधीच साठलेली शी बाहेर पडू शकते.

अडथळा शोधायला पोटाचा एक्सरे काढतात. त्यात मुख्यतः दिसते ती हवा. जन्मताच बाळ हवा गिळू लागतं. ती काही मिनिटांत जठरात, सुमारे ३ तासांत लहान आतड्यात आणि साधारण २४ तासांत गुदाशयापर्यंत पोचते. ती कुठं थांबली, हे डॉक्टर पाहतात. हवेचे दोनच फुगे दिसले आणि खाली काहीच हवा नसली, तर जठरापुढचं आतडं जन्मतः बंद असण्याची दाट शक्यता असते. अशा बाळांपैकी सुमारे एक तृतीयांश बाळांना डाउन सिंड्रोम असतो आणि त्यात हृदयदोषही असू शकतो, म्हणून हृदयही तपासतात. नळीनं जठर आधीच रिकामं केलं असेल, तर हे फुगे दिसतही नाहीत. मग नळीतून थोडी हवा सोडून पुन्हा फोटो काढावा लागतो.

सगळीकडे फुगलेली वेटोळी दिसली, तर अडथळा बराच खाली आहे एवढंच कळतं. नवजात बाळात लहान आणि मोठं आतडं साध्या फोटोत ओळखणं अनुभवी डोळ्यांनाही कठीण जातं. म्हणून गुदद्वारातून एक्सरेत दिसणारं औषध सोडून पुन्हा फोटो घ्यावे लागतात.

सर्वांत घातक समज हा, की ‘एक्सरे नॉर्मल आला, आता काळजी नाही.’ आतड्याला पीळ पडला असतानाही फोटो साधा दिसू शकतो, आणि पिळानं रक्त अडलं तर काही तासांत आतडं काळं पडतं. म्हणून हिरवी उलटी असेल, तर फोटो कसाही येवो, तोंडानं औषध देऊन काढायचे फोटो किंवा सोनोग्राफी, आणि बालशल्यचिकित्सक, तेही त्याच दिवशी. बाळाची तब्येत ढासळत असेल, तर तपासण्यांसाठीही न थांबता शस्त्रक्रिया करावी लागते.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत घुटी नको, दूधही नको. बाळाला उबदार ठेवा, १०८ला फोन करा. आणि दुपटं धुऊ नका, तो डाग डॉक्टरांना दाखवा.